राखणीचा कुत्रा: ठेवावा कोणता, द्यावा कोणता

दसऱ्या-दिवाळीच्या दरम्यान सोयाबीन निघालं की वाशीम जिल्ह्यातली शिवारं मोकळी होतात. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीरकडच्या वावरांत मेंढ्यांचे कळप उतरतात. लेंडीखतासाठी शेतकरी रात्री मेंढ्या बसवून घेतो. पुढे कापूस वेचून झाला की पऱ्हाटीतही चरायला मिळतं. पावसाळ्यात मात्र सगळं शिवार पेरलेलं असतं. तेव्हा मेंढपाळाच्या वाट्याला ई-क्लासची सरकारी चराऊ जमीन, माळ आणि डोंगरउतार एवढंच उरतं. कळपाचं वर्ष असं सैल आणि तंग काळात विभागलेलं असतं, आणि कळपाबरोबरच्या कुत्र्यांचं पोटही याच वर्षाला बांधलेलं असतं.

आपल्याकडच्या कुत्र्या बहुधा पावसाळा सरताना माजावर येतात. गर्भ सुमारे ६३ दिवसांचा असतो, म्हणून बरीचशी पिल्लं हिवाळ्यात जन्मतात. एका वेतात चार-सहा पिल्लं झाली की दोन कुत्र्यांचं बिऱ्हाड बघता बघता सहा-आठ कुत्र्यांचं होतं. संक्रांतीपासून होळीपर्यंत मेंढपाळाला ठरवावं लागतं: यातलं कोण राहणार आणि कोण जाणार? पिल्लांबरोबर मोठ्या कुत्र्यांचाही विचार होतो. दोन वर्षं पोसूनही जो कामाचा निघाला नाही त्याचं काय करायचं? आणि जो आयुष्यभर राबला, पण आता ज्याला चालवत नाही, त्याचं?

हा प्रश्न वरवर भाकरीचा दिसतो. प्रत्यक्षात त्यात तीन गोष्टी ठरत असतात: उद्या रात्री कळप किती सुरक्षित असेल, त्या कुत्र्याचं उरलेलं आयुष्य कसं जाईल आणि पुढच्या पिढीत कोणते गुण उतरतील. म्हणूनच तो घाईत, एखाद्या रात्रीच्या रागात किंवा पहिल्या गिऱ्हाइकाला हो म्हणून सोडवू नये.

राखणारा आणि वळणारा

मेंढ्यांच्या कुत्र्याची परदेशी चित्रफीत पाहिली की त्यात काळा-पांढरा बॉर्डर कॉली दिसतो. तो डोकं खाली घालून, नजर रोखून, दबकत मेंढ्यांना हव्या त्या दिशेला नेतो. हे काम मेंढ्या वळण्याचं. लांडगा सावज हेरतो, दबा धरतो, पाठलाग करतो आणि मग चावा घेतो. कॉलीमध्ये माणसाने निवडीने पहिल्या तीन पायऱ्या धारदार केल्या आणि शेवटची दाबून टाकली. वेल्समधल्या बाला इथे १८७३ साली अशा कुत्र्यांची जाहीर चाचणी झाली. १८९३ साली जन्मलेला नॉर्थम्बरलंडमधला ओल्ड हेम्प हा आजच्या कॉलींचा मूळपुरुष मानला जातो. १९०६ साली ब्रिटनमध्ये मेंढीकुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. तिथे अशा कुत्र्यांचा रीतसर लिलाव होतो. २०२१ साली वेल्समध्ये किम नावाची जेमतेम वर्षाची कुत्री २७,१०० पौंडांना विकली गेली.

आपल्या धनगराचा कुत्रा या जातकुळीतला नाही. मेंढ्या वळण्याचं काम आपल्याकडे माणूस करतो: शीळ घालतो, हाकारतो, काठी आडवी धरतो. कुत्र्याचं काम राखणीचं आहे. तुर्कस्तानचा कंगाल आणि हिमाचलातला गद्दी हे याच कामाचे कुत्रे. राखणाऱ्या कुत्र्यात पाठलागाची ऊर्मी मुळातच मंद असावी लागते. कॉलीत ज्या गुणाला मोल आहे, तोच गुण राखणीच्या कुत्र्यात दोष ठरतो. धावत्या मेंढीमागे लागणारं पिल्लू चपळ आणि देखणं दिसतं, पाहणारा त्यावर भाळतो, आणि नेमकं तेच पिल्लू ठेवलं जातं. निवडीतली ही सर्वांत महागडी चूक आहे. अंगकाठी, रंग, शेपटीचा झुपका या गोष्टी मागाहून पाहाव्यात. आधी स्वभाव पाहावा.

तीन कसोट्या

अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७०च्या दशकात राखणीच्या कुत्र्यांचा मोठा अभ्यास हाती घेतला. युरोप आणि तुर्कस्तानातून आणलेले कुत्रे आणि त्यांची पिल्लं त्यांनी शेतकऱ्यांना दिली आणि वर्षानुवर्षं त्यांचं काम पाहिलं. चांगला राखणदार ओळखायला त्यांनी तीन गुण धरले. आपल्या मेंढपाळाला ते नवे वाटणार नाहीत.

पहिला गुण कळपाकडे लक्ष असण्याचा. कळप हलला की कुत्रा आपणहून हलतो का? दुपारी मेंढ्या सावलीला बसल्या की तो त्यांच्यात किंवा त्यांच्या कडेला बसतो का? की गावाच्या उकिरड्याकडे निघून जातो? जो कुत्रा दिवसभर माणसाच्या पायाशी घोटाळतो, तो माणसाचा सोबती आहे, कळपाचा नव्हे. असा कुत्रा घराला शोभतो, कळपाला पुरत नाही.

दुसरा गुण भरवशाचा. मेंढ्यांना त्याच्यापासून इजा होता कामा नये. हा गुण जोखायचा असेल तर मेंढी विताना तरुण कुत्र्याकडे पाहावं. मेंढी पाय झाडते, कोकरू ओलं, थरथरतं बाहेर येतं, रक्ताचा वास सुटतो. चांगला कुत्रा थोडं अंतर राखून बसतो. मेंढी त्याच्यावर पाय आपटते तेव्हा मान वळवतो, नजर चुकवतो. वार पडली की ती खातो, कधी कोकराला हुंगतो, चाटतो आणि बाजूला होतो. वार खाणं हा दोष नव्हे. ती खाल्ल्याने वास राहत नाही आणि कोल्हे जवळ येत नाहीत. पण कान टवकारून, अंग आखडून जो कोकराच्या हालचालीवर डोळे रोखतो आणि ते उठून धडपडलं की झेप घेतो, त्याच्याबाबत सावध व्हावं. एकदा झालं तर रागवून, दूर बांधून, पुन्हा पाहावं. वय वर्षापेक्षा कमी असेल तर ते खेळणंही असू शकतं. दीड-दोन वर्षांचा होऊनही तेच चाललं असेल तर तो कुत्रा कळपात ठेवायचा नाही आणि दुसऱ्याच्या कळपातही द्यायचा नाही.

तिसरा गुण राखणीचा. लांडगा, बिबट्या किंवा चोर आला तर तो पुढे होतो का? यात अंगावर धावून जाण्यापेक्षा वेळेवर भुंकण्याला अधिक मोल आहे. बहुतेक शिकारी प्राणी जखमी होण्याचा धोका टाळतात. आपला सुगावा लागला हे कळलं की पुष्कळदा माघार घेतात. म्हणून रात्री वारं फिरताच उठणारा, वाघुराभोवती, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीभोवती, फेरी मारणारा, आणि माणूस जागा होईपर्यंत भुंकत राहणारा कुत्रा मोलाचा. पानाच्या सळसळीवरही रात्रभर भुंकणारा आणि कशालाच न भुंकणारा, हे दोन्ही सारखेच निरुपयोगी. पहिल्याच्या आवाजाने अखेर कुणीच उठेनासं होतं.

आपल्या भागात या तिसऱ्या गुणाला आणखी एक अर्थ आहे. लांडग्याला वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वोच्च संरक्षण आहे. काटेपूर्णा अभयारण्याच्या परिसरात बिबट्या आहे. मेंढी गेल्याच्या रागात विष घालण्याची पाळी कुणावर येऊ नये असं वाटत असेल, तर मेंढी जाऊच नये ही तजवीज हवी. जागता कुत्रा मेंढीबरोबर लांडग्यालाही वाचवतो.

वयाचा हिशेब

कुत्र्याच्या पिल्लाला जगात आपलं कोण हे शिकायला फार थोडे दिवस मिळतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांच्या अंगाचा वास, आवाज, ऊब त्याला मिळते, त्यांना ते आयुष्यभर आपलं मानतं. मेंढ्यांत वाढलेलं पिल्लू मेंढ्यांना आपलं मानतं. घराच्या ओट्यावर मुलांत वाढलेलं पिल्लू माणसांना आपलं मानतं आणि मग मेंढ्या त्याच्या लेखी परक्या राहतात. म्हणून जे पिल्लू कळपासाठी ठेवायचं किंवा दुसऱ्या कळपाला द्यायचं, ते या काळात कोकरांजवळच वाढलं पाहिजे.

देण्याचं योग्य वय आठ आठवड्यांच्या पुढचं. त्याआधी आईपासून तोडलेलं पिल्लू दात किती दाबायचा हे भावंडांकडून शिकत नाही, शिवाय आजारालाही लवकर बळी पडतं. व्यापारासाठी पैदास करणाऱ्यांना लागू असलेल्या २०१७च्या केंद्रीय नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. मेंढपाळाने हाच दंडक आपणहून पाळावा.

सहा महिने ते दीड वर्ष हा आडमुठा काळ. या वयात कुत्रा कोकरांचे कान चघळतो, लोकर ओढतो, कळप सोडून भटकतो. बरेच कुत्रे नेमके याच वयात काढून टाकले जातात, आणि त्यातले कित्येक पुढे उत्तम निघाले असते. राखणीच्या कुत्र्याला पक्केपणा यायला दीड ते दोन वर्षं लागतात. तोवर त्याला जाणत्या कुत्र्याच्या जोडीला ठेवावं. म्हणूनच अंगाने थकलेला पण अनुभवी कुत्रा ओझं मानू नये. तो धावत नसेल, पण तरुण कुत्रा कशावर उठायचं आणि कशावर नाही हे त्याच्याकडे पाहूनच शिकतो.

किती कुत्रे ठेवायचे याला एकच आकडा नाही. कळप केवढा, रात्री मुक्काम माळावर की गावालगत, जंगलाची कड किती जवळ, यावर ते ठरतं. एकट्या कुत्र्यावर कळप सोडू नये, कारण आजारपण किंवा माज यांत तो निकामी होतो. पण पोट भरत नाही इतके कुत्रेही ठेवू नयेत. उपाशी कुत्रा गावाकडे जातो, आणि गावाकडे गेलेला कुत्रा कळपाचा राहत नाही. ज्या कुत्रीपासून पुढे पिल्लं नकोत तिची नसबंदी करून घेणं हा त्यावरचा खरा उपाय. माजावरच्या कुत्रीमागे गावचे कुत्रे कळपात घुसतात, भांडणं होतात, राखण बिघडते आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो.

बंजाऱ्याने गहाण ठेवलेला कुत्रा

या मुलखाला जनावरांमागे फिरणाऱ्या लोकांची जुनी ओळख आहे. सोळाव्या शतकातल्या ऐन-ए-अकबरीत बाशिमच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, परिसरातल्या हटकर धनगरांचा उल्लेख येतो. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचे, तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत, आणि रात्री मालाची व जनावरांची राखण कुत्रे करत.

बंजारा आणि त्याचा कुत्रा यांची एक कथा मध्य भारतात सर्वदूर सांगितली जाते. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात खपरी इथे कुकुरदेव मंदिर आहे, तेही याच कथेशी जोडलेलं. अडचणीत सापडलेला बंजारा आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो. सावकाराच्या घरी चोरी होते. कुत्रा चोरांचा माग धरतो आणि माल लपवलेली जागा दाखवतो. सावकार प्रसन्न होतो, कर्ज फिटलं असं चिठ्ठीत लिहून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधतो आणि त्याला मालकाकडे पाठवतो. कुत्रा पळून आला, आपला शब्द मोडला, असं समजून बंजारा त्याला काठीने मारतो. चिठ्ठी दिसते तेव्हा कुत्रा मेलेला असतो.

ही कथा इमानाची म्हणून सांगतात. कुत्रा दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने ती व्यवहाराची म्हणूनही ऐकावी. दिलेला कुत्रा परत येऊ शकतो. चार-सहा कोस चालून येणं त्याला अवघड नाही. परत आला म्हणून त्याला मारू नये, कारण त्याला व्यवहार ठाऊक नसतो, वाट ठाऊक असते. आणि देणारा-घेणारा यांच्यात स्पष्ट बोलणं झालेलं असावं: परत आला तर कळवायचं कुणी, न्यायला यायचं कुणी, आणि महिन्याभरात जमलं नाही तर परत घ्यायचा की नाही.

द्यायचा तो कुणाला

पहिला हक्क दुसऱ्या कळपाचा. राखणीच्या कुत्र्याला कळपाचंच काम मिळालं तर त्याचं आयुष्य मोडत नाही. एका कळपात न रुळलेला कुत्राही दुसरीकडे रुळू शकतो: दोन दांडग्या कुत्र्यांच्या धाकात दबलेला तरुण कुत्रा एकटा पडला की उभा राहतो. घ्यायला आलेला जाणता मेंढपाळ “रातीले राखण करते का?” आणि “माय कशी हाये त्याची?” असं विचारतो. या दोन्ही प्रश्नांना खरं उत्तर द्यावं. कोकरू धरलेला कुत्रा “गुणाचा आहे” म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं म्हणजे त्याची मेंढी मारणं आणि त्या कुत्र्याला मरणाच्या वाटेला लावणं.

दुसरी जागा शेतीची. वाशीमच्या शेतकऱ्याला रोही आणि रानडुकरांमुळे रात्री जागलीला जावं लागतं. मेंढ्यांमागे धावणारा पण माणसाला धरून राहणारा, वेळेवर भुंकणारा कुत्रा जागलीवर उत्तम सोबत करतो. फक्त तिथे शेळ्या-कोकरं मोकळी नसावीत.

तिसरी जागा गावातलं घर. माणसाळलेल्या, शांत कुत्र्याला ती चालते. माणसावर धावून जाणारा कुत्रा लेकरांच्या घरात कधीही देऊ नये, मागणाऱ्याने कितीही पैसे देऊ केले तरी. शहरातल्या सदनिकेत राखणीचा प्रौढ कुत्रा देणं तर त्याच्यावर अन्याय आहे. रात्री भुंकणं आणि फेरी मारणं हा त्याचा स्वभाव. तिथे तोच गुन्हा ठरतो आणि तो साखळीला खिळतो.

देण्याची रीतही महत्त्वाची. मोठा कुत्रा नव्या जागी नेऊन लगेच मोकळा सोडू नये. मेंढ्या दिसतील अशा जागी त्याला बांधावं, नव्या मालकाने स्वतःच्या हाताने खाऊ घालावं, कळपाबरोबर दोरीने फिरवावं, आणि तो शांत झाल्यावरच सोडावं. नामिबियात चित्ता संवर्धन करणाऱ्या संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की वंशाचे राखणीचे कुत्रे दिले, ते चित्त्यांना गोळ्या घातल्या जाऊ नयेत म्हणून. तिथे पिल्लू देऊन हात झटकत नाहीत. कार्यकर्ते शेतावर जाऊन कुत्र्याचं काम आणि तब्येत पाहतात. आपल्याकडे हे काम बाजाराच्या दिवशी गाठ पडल्यावर विचारलेली चौकशीही करू शकते.

कुत्रा देण्याआधी दोन औषधं विसरू नयेत. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की द्यावी आणि पुढे दरवर्षी द्यावी. पिल्लू त्याआधी गेलं तर लस राहिली आहे हे घेणाऱ्याला बजावून सांगावं. दुसरं, जंताचं औषध. मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते, डोकं वाकडं धरते, आंधळ्यासारखी धडकते. हा रोग बऱ्याचदा कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीमुळे होतो. कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर येतात, मेंढीच्या पोटात जातात आणि मेंदूत पाण्याची गाठ धरते. अशा मेंढीचं डोकं कच्चं कुत्र्याला टाकलं की चक्र पुन्हा सुरू होतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातून प्राझिक्वान्टेल हे औषध देऊनच कुत्रा दुसऱ्या कळपात पाठवावा, नाहीतर राखणदारासोबत रोगही जातो.

सोडून दिलेला कुत्रा

नको असलेला कुत्रा मुक्काम हलवताना मागे सोडणं किंवा दूरच्या गावाच्या वेशीवर उतरवणं हा सर्वांत वाईट मार्ग. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार जनावराला उपासमारीच्या स्थितीत टाकून देणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी परिणाम मेंढपाळालाच भोगावे लागतात. कळपाची सवय असलेला आणि उपाशी असलेला कुत्रा मेंढ्यांजवळ निर्भयपणे येतो; लांडग्यापेक्षा त्याला हाकलणं कठीण. माळावर मोकाट झालेले कुत्रे टोळी करतात. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात जपलेल्या काळविटांसारख्या प्राण्यांना अशा टोळ्यांचा धोका असतो. कुत्र्यांकडून लांडग्यांना डिस्टेंपर आणि रेबीज होऊ शकतो. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेले प्राणी २०२३ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहेत. माळावर सोडलेला एक कुत्रा असा लांडग्याच्या वंशापर्यंत पोहोचतो.

म्हाताऱ्या कुत्र्याला विकू नये आणि देऊही नये. ज्याने आठ-दहा वर्षं रात्री जागवल्या, त्याची जागा बिऱ्हाडातच. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो, आणि मेंढपाळ त्याच खंडोबाला मानतो. मग दारातल्या कुत्र्याला शेवटची भाकरी जड होऊ नये.

वंश कोण राखतो

२००५ साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली. त्यांत मुधोळ आणि हिमालयीन मेंढीकुत्रा होते. राजापालयम, चिप्पीपराई, मुधोळ आणि अलीकडे गद्दी यांना कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे जात म्हणून नोंद मिळाली. वऱ्हाडातल्या मेंढपाळाच्या कुत्र्याला असं नाव नाही, वंशावळ नाही. त्याचे गुण टिकले ते कोणतं पिल्लू ठेवायचं हे प्रत्येक पिढीत मेंढपाळांनी पारखून ठरवलं म्हणून. ही पारख सुटली, कळप कमी झाले, गावच्या कुत्र्यांशी सरमिसळ वाढली, तर हे गुण नकळत नाहीसे होतील, कारण ते कुठेच लिहिलेले नाहीत.

म्हणून एक वही ठेवावी. प्रत्येक कुत्र्याचं नाव, आई कोण, जन्म कोणत्या महिन्याचा, कोकरांशी कसा वागला, कोणत्या रात्री काय हुसकलं, लस कधी दिली, आणि दिला असेल तर कुणाला व का. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराने लिहावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी माहिती प्रथमच घेण्यात आली. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी आणि पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी त्यापुढे जाऊन या कुत्र्यांचीही पाहणी करावी, लसीकरण आणि नसबंदीची शिबिरं मेंढ्यांच्या मुक्कामी न्यावीत.

मेंढपाळ बंधू-भगिनींना सांगणं इतकंच: कामाचा आहे त्याला ठेवा, दुसरीकडे कामाचा होईल त्याला खरं सांगून द्या, थकलेल्याला सांभाळा, आणि एकालाही वाटेवर सोडू नका.